दोन डावे पाय

पेडणेकरमास्तर भेटले की आधी तुमचा हात मागत. अंगठ्याने तळहात दाबून पाहत, क्षणभर डोळे मिटत आणि निकाल देत. "मेंढी. मऊ आहात, पण ओरखडा लवकर पडतो." मला त्यांनी पहिल्याच भेटीत म्हैस ठरवलं आणि वर "टिकाऊ माल आहात, बाई," असं कौतुकही केलं. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा हात मात्र त्यांनी लगेच सोडला. मग जिना उतरताना हळूच मला म्हणाले, "रेक्झिन."

मास्तर तुर्भ्याला बॅगांच्या कारखान्यात कटिंगमास्तर होते. नव्वदच्या दशकात कोपरखैरण्याला आमची दारं समोरासमोर होती. उरलेले चामड्याचे तुकडे ते घरी आणत, बादलीत भिजवत आणि ओले असतानाच त्यांना आकार देत. वाळले की आकार कायम. लोकांच्या गॅलरीत कपडे वाळत, मास्तरांच्या गॅलरीत हात, खांदे, कान, पाठी. दुपारी खाडीवरून वारा आला की ते हात सावकाश हलत, आणि वह्या तपासता तपासता मला वाटे, आपणही तरंगत कुठेतरी निघालोय. आमची कामवाली ते बघून जी पळाली ती परत फिरकली नाही. ते सगळे अवयव एकाच माणसाचे आहेत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

दर रविवारी जासईहून म्हात्रे येत. कंटेनर यार्डातला दणकट गडी, हातात ताजा जिताडा मासा. "हा माझा मावसभाऊ," मास्तर ओळख करून देत. घाईत असले की "आतेभाऊ" म्हणत. जिन्यातल्या बायकांनी नाती जुळवून पाहिली, तेव्हा म्हात्रे एकाच वर्षात दोनदा मावशीच्या आणि तीनदा आत्याच्या पोटी जन्मले होते.

एका रविवारी सेक्रेटरींसमोर पुन्हा "मावसभाऊ" झालं. म्हात्र्यांनी मासा पायरीवरच ठेवला.

"मास्तर, येकदा तरी खरं सांग ना. मी तुजा कोन हाय?"

मास्तरांनी वाकून मासा उचलला. म्हात्रे गेले, आणि पुढचे तीन रविवार आलेच नाहीत. मास्तरांनी लोकांचे हात बघणं सोडलं. मला त्यांची फार काळजी वाटू लागली.

चौकशीला गेले तर ते चामड्याचे दोन पाय घडवत बसले होते. अगदी नखांसकट.

"एक माझा, एक त्याचा."

"ते नसताना माप कसं घेतलंत?"

"पाठ आहे, बाई."

माझा पेशा शिक्षिकेचा. चूक दिसली की राहवत नाही. "अहो मास्तर, दोन्ही डावेच झालेत!"

"दोन डावे कोणी एका खोक्यात घालत नाही," ते पायावर बोट फिरवत म्हणाले. "म्हणून काय ते एकमेकांचे नसतात?"

तेव्हा मला कळलं. इतकी वर्षं समोर राहून तेव्हा कळलं, याची लाज वाटली.

सोसायटीच्या छंद-प्रदर्शनात भरतकाम आणि पोस्टाच्या तिकिटांच्या मधोमध ते पाय मांडले गेले. मी यार्डात फोन करून म्हात्र्यांना निरोप ठेवला होता. ते आले, पण दारातच उभे राहिले.

"मास्तर, कोणाचे पाय हे?" सेक्रेटरींनी सगळ्यांदेखत विचारलं.

मास्तरांनी दाराकडे पाहिलं. "एक माझा. एक म्हात्रेचा."

"म्हणजे तुमच्या मावसभावाचा?"

"नाही. तो माझा भाऊ नाही." त्यांनी दोन्ही पाय जवळ सरकवले. "जोडा आहे आमचा."

हॉलमध्ये एकच हशा पिकला. "जोडा असा असतो होय? उजवा कुठाय, मास्तर?" सगळ्यांच्या डोळ्यांपुढे चपलांचा जोडा होता.

म्हात्रे हसले नाहीत. गर्दीतून वाट काढत ते पुढे आले, मास्तरांच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि प्रदर्शन संपेपर्यंत हलले नाहीत. कोणी काही विचारलं की मास्तरांच्या आधी तेच सांगत, "आमचा जोडा हाय."