आहिस्ता, उडंल

वामनराव पेशकारांना शिंक आली की ते उपरण्याचा बोळा तोंडात कोंबायचे. आमची भोकरची कचेरी म्हणजे निजामाचा अंमल, तिथे ओरडल्याशिवाय काम हलत नसे. एकदा भर सुनावणीत खुद्द तहसीलदारसाहेब शिंकले. वामनरावांनी बोट वर केलं. "आहिस्ता, हुजूर. उडंल ना."

काय उडेल, हे साहेबांनी मेजाखाली वाकून पाहिलं.

उडणार होती मुनिया. चिमणीहून लहान, लाल अंगावर पांढरे ठिपके. दसरा झाला की वामनराव माहूरच्या डोंगरावर कमरेएवढ्या गवतात ती शोधायला जायचे. शिंक दाबायचा सराव मात्र वर्षभर कचेरीत चाले. सारी दुनिया माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाते. हा गृहस्थ देवळाची पायरीही चढत नसे. आम्ही त्यावरून त्यांची भरपूर थट्टा करत असू.

एका वर्षी हौसेनं मीही गेलो. माळाच्या कडेला त्यांनी माझी लाल रुमी टोपी काढायला लावली. "आपल्याहून लाल कोण आलं, म्हणून रुसती ती." मग आम्ही गवतात पालथे पडलो. मुंग्या चावत होत्या आणि हूं की चूं करायची सोय नव्हती.

तिथेच त्यांनी कुजबुजत सांगितलं. पंधरा वर्षांमागे बायको तापानं अंथरुणाला खिळली, दवा लागू पडेना. शेजारच्या खालाबी म्हणाल्या, देवाच्या नावानं सदका म्हणून एक पाखरू सोडा, बाईंवरची बला टळेल. लोक बाजारातच पिंजऱ्याचं दार उघडून मोकळे होतात. वामनरावांनी मुनिया विकत घेतली, पण तिथेच सोडणं त्यांना पटलं नाही.

"गावात सोडली तर मांजर खाईल. मग सदका कसला? म्हणून हितं आणली."

बैलगाडीनं परत पोचेपर्यंत घरात सगळं आटोपलं होतं.

"हिच्यापायी मी तिच्या उशाशी न्हवतो," ते म्हणाले. "आता ही तरी जगली पायजे."

मुनिया इतकी वर्षं जगत नाही, हे सांगायची माझी छाती झाली नाही.

तेवढ्यात गवताची काडी वाकली. तिच्यावर लाल मुनिया बसली होती. शेजारच्या काडीवर दुसरी, तपकिरी.

वामनराव बघतच राहिले. "जोडी हाय," ते म्हणाले. "लई दिवस एकटी असंल, असं वाटायचं मला."

आणि त्यांना शिंक आली. त्यांनी उपरणं शोधलंच नाही, मोकळेपणानं शिंकले. दोन्ही पाखरं भुर्रकन उडाली.

"जाऊ द्या. दोघं हायत."

परतताना ते आपणहून देवळाकडे वळले. देवीच्या तांबुलाचा प्रसाद घेतला, अर्धा मला दिला. "हा बायकोच्या वाट्याचा," म्हणत उरलेला अर्धा हातात धरून ते बराच वेळ पायरीवर बसून राहिले.