हैबतरावांची स्वारी घाटात अडली त्याची हकीकत

श्री. वाचणाराचे टायर सदा भरलेले असोत, वाटेतली विघ्ने परभारे टळोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन मासी, कोणे एके राज्यी हैबतराव म्हणून शूर गृहस्थ नांदत होते. मोटारसायकल म्हणजे त्यांचा जीव की प्राण. ती सर्व्हिसीकरिता दुरुस्तीखान्यात रवाना केली, आणि तेथील दरोगे नागोजी यांनी ऑइल बदलून, साखळी आवळून, वर सन्मानार्थ टाकीवर रेक्झिनचे जाडजूड कव्हर चढवून परत दिली, तेव्हा हैबतराव बहुत संतोष पावले, आणि कव्हराचा पट्टा आपले हाते करकचून आवळते जाहले.

मग विपरीत जाहले. गावात फिरावे तो गाडी उत्तम, लांब पल्ला धरावा तो आचके देऊन बंद. मग हैबतरावांनी उतरावे, पट्टा सोडावा, झाकण उघडून पाहावे, तो पेट्रोल भरपूर, आणि झाकण लावून किक मारिता गाडी सुरू! मग पुनः पट्टा आवळून पुढे कूच करीत. दुरुस्तीखाना घरापाशीच, तेथे न्यावी तो गाडी गरीब गाय. नागोजी प्लग बदलीत आणि म्हणत, "साहेब, गाडी एकदम ओके आहे. तुमचं क्लच धरणंच जरा चुकतंय." मिसरूड फुटल्यापासून गाडी हाकणाऱ्या पुरुषास हे बोलणे फार झोंबले.

इकडे घरची मसलत बिघडली. राणीसाहेब सगुणाबाई बोलत्या जाहल्या, "अहो, भाऊबीजेला घाटापलीकडे दादाकडे जायचंय. ही वाटेत बंद पडली, तर विकायची. कबूल?" हैबतरावांनी मिशीवर हात ठेवून "कबूल" म्हटले.

भाऊबीजेस स्वारी निघाली, आणि घाटाचे पहिल्याच चढास गाडी धापा टाकून थांबली. हैबतरावांचे तोंड एवढेसे जाहले. सवयीप्रमाणे पट्टा सोडिला, झाकण फिरविले, तो सुस्स करून वारा टाकीत शिरला.

"हे काय हो वाजलं?" सगुणाबाई म्हणाल्या.

"काही नाही गं, रोजचंच आहे."

"रोजचंच? अहो, तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल येतं का? दुसरं पाडावं लागतं, वारा आत जायला. झाकणाचं भोक तुमच्या या कव्हराच्या गादीनं बुजलंय. गाडी बिचारी पेट्रोल ओढणार कशी?"

ऐसे म्हणोन कव्हर ओरबाडून पिशवीत कोंबिले, आणि मग गाडी जी सुटली ती एकदाही न खोकता अवघा घाट चढून दादांचे दारी उभी राहिली.

ओवाळणे जाहले, फराळ जाहला, परंतु हैबतरावांस चकली गोड लागेना. खाली मान घालून बोलिले, "बंद तर पडलीच. शब्द म्हणजे शब्द. विकतो."

"विका की," सगुणाबाई म्हणाल्या. "मलाच विका. दादानं घातलेली ओवाळणी घ्या, आणि किल्ली आणा इकडे."

परतताना सगुणाबाई पुढे, आणि हैबतराव फराळाचा डबा मांडीवर घेऊन मागे. येणेप्रमाणे गाडी वाचली, सत्ता गेली. हैबतरावांची तक्रार नाही.