उसनं नाक

आमच्या शेजारचे नाना स्वतःच्या घरात कधी थेट शिरले नाहीत. संध्याकाळी सरकीच्या दुकानातून आले की आधी माझं दार वाजवायचे. मग माझा दंड धरून मला त्यांच्याच स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीखाली उभं करायचे आणि कुजबुजायचे, "भाऊ, वास काय म्हणस?"

मी वास घेऊन सांगायचं. तुरीचं वरण, लसणाची फोडणी. मग नाना टोपी सारखी करून पुढच्या दाराने आत जायचे आणि उंबऱ्यावरूनच गरजायचे, "अहाहा, वरणाला काय फोडणी बसली आहे!"

मानमोडीच्या साथीत अर्धं जळगाव आडवं झालं होतं. नाना आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या अक्का, दोघंही तापाने फणफणले. दैव बलवत्तर म्हणून दोघंही उठले, पण नानांना वास येणं गेलं ते गेलंच. नाक जागेवर होतं, चांगलं लांबलचक, पण निव्वळ शोभेचं. आणि हे अक्कांना कळता कामा नये, अशी मला सक्त ताकीद. का, ते सांगायचे नाहीत. मला वाटायचं, पुरुषाचा तोरा, दुसरं काय. प्रेसमध्ये दिवसभर कापसाच्या गाठींशी डोकं लावून कावलेला मी, रोज त्या खिडकीखाली उपाशीपोटी दुसऱ्याच्या फोडण्या हुंगायचो. बरं, जेवायला बस म्हणून कोणी म्हणायचं नाही.

एकदा तर नाना डोक्याला घासलेट चोळून रामाच्या देवळात आरतीला उभे राहिले. पुजाऱ्याने निरांजन घेऊन जी पाठ फिरवली ती थेट गाभाऱ्यात. लोक भराभरा पांगले. नाना आपले मनोभावे टाळ्या वाजवताहेत. मी त्यांना ओढत घरी आणलं आणि विचारलं, हे कोणी चोळलं? तर म्हणे, अक्काने. तेल समजून, चांगलं जिरेपर्यंत. मी कपाळावर हात मारला.

नानांचा दुसरा गुण म्हणजे धांदरटपणा. माणूस चुलीजवळ गेला की एखादं भांडं लवंडलंच म्हणून समजा. मग अक्कांचा पट्टा सुरू. "डोळे आहेत का खोबण्या?" आमच्या घरापर्यंत ऐकू यायचं. नाना आपले सांडलेलं पुसत बसायचे.

त्यांची एकुलती लेक धुळ्याला दिलेली. तिची सासू मोठी तिखट. आईने पोरीला काय शिकवलं ते एकदा येऊन बघते, असं ती पोरीला उठता बसता ऐकवायची. आणि हिवाळ्यात एक दिवस खरंच व्याही आणि विहीणबाई भरीत खायला येऊन थडकले. जेवण बिघडलं तर पोरीला जन्मभर टोमणे, हे गल्लीतल्या कुत्र्यालाही कळत होतं.

नेमकं त्याच दिवशी मला पडसं. असं पडसं की तोंडाने श्वास घेत होतो. बायको माहेरी, फैजपूरला, म्हणजे घरात दुसरं नाकही नव्हतं.

वांगी अंगणात तुरकाट्यांवर भाजून झाली होती. पाहुणे ओसरीवर बसले होते आणि आत अक्का फोडणीला लागल्या होत्या. नानांनी मला खिडकीखाली ओढलं.

"वास काय म्हणस?"

"काही म्हणत नाही नाना. नाक गच्च आहे."

नानांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घाईघाईने तपकिरीची डबी काढून चिमूटभर तपकीर माझ्या नाकात कोंबली. मी असा शिंकलो, की आतून अक्का म्हणाल्या, "कोण आहे तिकडे?"

"मांजर," नाना म्हणाले.

मी वैतागलो. म्हटलं, "अहो, अक्का चुलीपाशीच आहेत ना? करपलं तर त्यांना कळेलच की."

नाना धुण्याच्या दगडावर मटकन बसले.

"तिले बी वास येत नही, भाऊ."

ते खाली बघून सांगू लागले. "तापातून उठली आणि तिने पहिलं वरण केलं. तळ काळा झालेला. हिच्या हातून कधी असं झालं नव्हतं. वाढून माझ्या तोंडाकडे बघत बसली. मी काय म्हणणार? म्हटलं, काय खमंग वास सुटला आहे. तेव्हा कुठे तिने घास घेतला. तेव्हापासून उंबऱ्यावरून मी काय म्हणतो तिकडे कान लावून बसते."

"आणि करपलं तर?"

"तर मग लवंडतो."

मी "करपलंय" म्हणायचो त्याच दिवशी भांडी पडायची, हे इतक्या दिवसांत माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. लाज वाटली मला.

नाना उठले, धोतर झटकलं आणि पुढच्या दाराने आत जाऊन ओरडले, "अहाहा, भरिताला काय वास सुटला आहे!" स्वयंपाकघराच्या दारात अक्का पळी हातात धरून उभ्या होत्या. त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि पानं वाढायला घेतली.

पंगत बसली. विहीणबाईंनी पहिला घास घेतला, सावकाश चावला. नाना त्यांच्या जबड्याकडे डोळा लावून बसले होते. घास उतरला. विहीणबाईंनी अक्कांकडे मान वळवली आणि म्हणाल्या, "भरीत जरा..."

नानांनी उठता उठता भरिताची अख्खी परात उलटी केली. शिवाय ताकाचा तांब्याही, व्याह्यांच्या धोतरावर.

"डोळे आहेत का खोबण्या?" अक्का पाहुण्यांसमोरच कडाडल्या.

विहीणबाई हळहळत म्हणाल्या, "जरा आणखी वाढा म्हणत होते हो मी. इतकं चांगलं भरीत आमच्या धुळ्याला होत नाही."

अक्कांचा राग तोंडातच राहिला. त्या लाजल्या, या वयात. नाना ताकात पाय बुडवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा दार वाजलं.

"पडसं गेलं?"

"नाही हो."

नानांनी टोपी सारखी केली. "मग आज सांडूनच घेतो. कालपासून ती फार खुशीत शे. उगाच धोका नको."

थोड्या वेळाने भांडं पडलं. अक्कांचा पट्टा सुरू झाला, थांबला. मी बाहेर डोकावलो तर दोघं ओसरीवर शेव-मुरमुरे खात बसली होती. अक्का विहीणबाईंचं कालचं बोलणं पुन्हा पहिल्यापासून सांगत होत्या, आणि नाना पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकत होते.