भास्कररावांचा अंधार

मावला गावातल्या आमच्या गल्लीत दिव्याचा खांब द्या म्हणून सगळ्यांनी अर्ज केले होते. खांब काढून टाका असा अर्ज करणारे एकटे भास्करराव. सगळी नोकरी तहसिलीत झालेली, त्यामुळे अर्ज पक्का होता: ‘सदर खांबामुळे अर्जदाराच्या आकाशाचे नुकसान होत आहे.’ वाचणाऱ्याला वाटलं, म्हातारा लिहिताना चुकला, उजेडच कमी पडत असेल. आठवड्याभरात खांबावर एकाचे दोन दिवे झाले.

भास्कररावांना आकाशाच्या फोटोंचा नाद. पण चंद्र नको. “चंद्र कोनीबी काढते!” त्यांना हवे असत ताऱ्यांमधले धुळीचे ढग. काही काळे, मागचे तारे झाकणारे. काही शेजारच्या ताऱ्याच्या उजेडानं जेमतेम निळसर दिसणारे.

एकदा सकाळीच माझ्याकडे फोटोची फ्रेम घेऊन आले.

“काय दिसून राह्यलं?”

“काहीच नाही. काळं आहे.”

“बराबर! हाच तो ढग. अकरा रात्री लागल्या.” आणि खुशीत चहा मागितला.

एका रात्री जैनथ गावाकडच्या कापसाच्या रानात कॅमेरा लावून बसले, तर रखवालदारानं रानडुक्कर समजून फटाका फोडला. भास्करराव उसळलेच, “काऊन फोडला बे? उजेड पडला ना!”

मागच्या थंडीत, ऐन अवसेला, ट्रान्सफॉर्मर जळाला. सगळी गल्ली गडप. लोक वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत होते आणि भास्करराव गच्चीवरून ओरडत होते, “कोनी मेणबत्तीबी लावू नका!”

तेवढ्यात समोरच्या लक्ष्मम्मांची हाक आली. महिन्यापूर्वीच त्यांचे यजमान गेले होते, घरात एकट्याच. अंधारात घाबरून दारात उभ्या होत्या.

मी टॉर्च शोधेपर्यंत भास्करराव खाली आलेही. त्यांनी स्कूटर सुरू केली आणि हेडलाइटचा झोत लक्ष्मम्मांच्या ओसरीवर धरला. त्या खुर्चीत बसल्या.

“आणि तुमचा फोटो?” मी विचारलं.

“ढग कुठं पळून जाते का? बाई भेली ना.”

स्कूटर फटफटत राहिली. पेट्रोल संपलं तेव्हा दोन वाजले होते, वीज आलीच नव्हती. भास्करराव लक्ष्मम्मांच्या पायरीवर जाऊन बसले आणि हळू आवाजात, त्यांच्या तेलुगूत, त्यांच्या नवऱ्याबद्दल एकेक विचारू लागले.