देवरे भाऊजींचं प्राग

७ नोव्हेंबर, शुक्रवार. मी डिंक तळायला घेतला आणि समोरच्या फ्लॅटमधले देवरे भाऊजी प्राग शहर घेऊन स्वयंपाकघरात शिरले.

देवरे इथं कुवेतमध्ये, शुऐबाच्या औद्योगिक वसाहतीत इंजिनिअर. नाशिक आणि कुवेतखेरीज त्यांनी काही पाहिलेलं नाही, पण प्रागच्या कुठल्या पुलावर कुठला पुतळा, हे तोंडपाठ. कशावरूनही सुरू होतात, "त्यामागे एक गोष्ट आहे." मागे लिफ्ट बंद पडली, तर दुरुस्तीवाल्याला हिंदीत सांगत बसले, की तिथल्या चौकातलं घड्याळ ज्यानं घडवलं, त्याचे म्हणे डोळेच काढले. तो बिचारा स्क्रू ड्रायव्हर विसरून गेला. आम्ही चार दिवस जिने चढलो.

"वहिनी, तिथला दगडी पूल चुन्यात अंडी घालून बांधला म्हणतात. राजानं गावोगावहून मागवली."

"तूप तापलंय. बाजूला व्हा."

"एका गावानं उकडून पाठवली."

"वेडेच की."

"वेडे नाही हो." त्यांचा आवाज खाली आला. "वाटेत फुटू नयेत म्हणून."

मग पिशवीतून एक रिकामा डबा निघाला. त्यांची मुलगी प्रागला असते. बायको वारल्यापासून दर थंडीत लाडू देवरेच पाठवतात, स्वतः वळून. गेल्या वर्षी भुगा पोचला. 'बाबा, इथं सगळं मिळतं, नका पाठवू,' असं लेकीनं कळवलं.

"नातीला मराठी येत नाही. फोनवर दोन मिनिटांत हाय-बाय. तिच्या गावची गोष्ट काढली की मात्र थांबते. म्हणून वाचतो." डबा त्यांनी ओट्यावर ठेवला. "उद्या संध्याकाळी ऑफिसातला एकजण तिकडे चाललाय. न फुटणारे जमतील का?"

"बरोबर हातोडी देणार असाल तर जमतील."

"देतो."

पाक थोडा पक्का केला आणि लाडू अंड्याएवढेच वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जमियातून, म्हणजे इथल्या सहकारी दुकानातून, तीस अंड्यांचा ट्रे आणला. अंडी पातेल्यात काढली, खळग्याखळग्यात एकेक लाडू बसवला, वर घरातला जुना ट्रे उलटा दाबून सुतळीनं बांधला आणि देवरेंच्या हातात दिला. मग अंडी उकडली आणि निम्मी त्यांच्याकडे नेऊन दिली.