स्तंभापाशी कोणी नव्हतं

जे हलत नाही तेच थोर. सेलूच्या वाटेवरल्या एका गावात (नाव छापायला समितीची परवानगी नाही) चौकातला दगडी स्तंभ पावणेदोनशे वर्षांत हललेला नाही. यावरून काय ते समजा.

त्याचा सर्वांत जुना फोटो सापडला आणि स्तंभ गौरव समिती भारावली. मागं लिहिलेलं 'बाजाराचा दिवस', पण चौकात चिटपाखरू नाही! अध्यक्ष प्रभाकरराव (निवृत्त मुख्याध्यापक) यांनी चौदा पानं लिहिली: स्तंभ म्हणजे स्थैर्य, स्तंभ म्हणजे पौरुष, भोवतीची शांतता म्हणजे पूर्वजांची शिस्त. (अकराव्या पानावर तळटीप: जुन्या कॅमेऱ्याला फोटो टिपायला मिनिटभर लागे, तेवढ्यात जे हललं ते उमटत नसे. मात्र थोरांपुढे हलणं हाच अनादर.) ती शिस्त परत आणण्यासाठी चौक रिकामा करण्याचा ठराव सात विरुद्ध शून्य मतांनी झाला. चौकात बसणाऱ्यांना मत नव्हतं.

मयुरी तिथंच बसायची. पुढ्यात वांगी, सांबाराच्या (म्हणजे कोथिंबिरीच्या) हिरव्या जुड्या. मागं स्तंभाच्या कठड्याला बांधलेली झोळी, झोळीत सात महिन्यांची काजल. चौकात सावली काय ती स्तंभाचीच. ती सरकली की मायलेकी सरकायच्या.

तिची समजूत काढायला प्रभाकरराव फोटोच घेऊन आले. "पाह्य पोरी, तवा कोणी बसत होतं काय इथं?"

एका हातानं झोळी हालवत मयुरीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. पायथ्याशी पांढुरका डाग होता.

"हे काय हाय, काकाजी?"

"बुरशी."

"बुरशीले पाय राह्यते काय? हे पाऊल पाहा. तुमीच लिवलं ना, हाललं ते उमटत नाही? तेवढंच थांबलं बिचारीचं. बाकी ती लेकरू हालवून राह्यली."

प्रभाकररावांनी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. झोळीकडेही पाहिलं.

"खरंच व पोरी. पाऊलच हाय."

जागा वाचली, असं मयुरीला वाटलं. तिनं त्यांना सांबाराची जुडी तशीच देऊन टाकली.

समितीनं तिची हरकत आदरपूर्वक नोंदवली आणि भूपेंद्रच्या स्टुडिओतून फोटोतला डाग काढून घेतला. त्याच आठवड्यात चौकातलाही.

आता मयुरी रस्त्याकडेला उन्हात बसते; एक हात भाजीवर, एक काजलच्या डोक्यावर. रिकाम्या चौकाचा नवा फोटो सगळ्या ग्रुपवर फिरला. त्याखाली 'किती शांत, किती स्वच्छ!' लिहिणाऱ्यांत तुमचंही नाव आहे. (हल्लीच्या फोनवर हललेला अंगठाही उमटतो.)