मणेरीकरांचा वेढा

"ऐकलंत का? जर्मनीत एका सोनाराने शिशाची अक्षरं ओतली. आता पुस्तकं छापणार म्हणे!"

सकाळी सहाच्या बसमध्ये शेजारच्या गृहस्थाने मला ही बातमी दिली. मी नुकताच मुंबईहून बहारीनला आलो होतो, हिद्दच्या पुढच्या गोदीत ड्राफ्ट्समन म्हणून. नव्या माणसाने नम्र असावं म्हणून मी विचारलं, "कधी?"

"झाली की सव्वापाचशे वर्षं," असं म्हणून ते शांतपणे खिडकीबाहेर बघू लागले.

हे आमचे मणेरीकर. गोदीचे स्टोअरकीपर, मूळचे सावंतवाडीचे. माणूस शंभर टक्के शहाणा, फक्त पंधराव्या शतकात राहायचा. याचं कारण एक पुस्तक. क्वार्टर्समधला एक इंग्रज इंजिनियर मायदेशी परतताना जगाच्या इतिहासाचा एक जाडजूड खंड विसरून गेला. त्याच्या आधीचे आणि नंतरचे खंड त्याने आठवणीने नेले. त्यामुळे चौदाशे चाळीसच्या आधी जगात काय झालं आणि साठच्या पुढे काय, याच्याशी मणेरीकरांचा संबंध नव्हता. मधली वीस वर्षं मात्र त्यांना स्वतःच्या घरातली असावीत इतकी पाठ होती.

कुणी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पुढे केला की ते कप हातात धरून म्हणायचे, "येमेनातले फकीर हल्लीच हे प्यायला लागलेत. जप करताना झोप येत नाही म्हणे." आमचा फोरमन इंग्रज होता. एकदा त्याचा मूड गेलेला पाहून हे त्याच्यापाशी गेले आणि हळूच म्हणाले, "सर, व्हेरी सॉरी अबाउट फ्रान्स." शंभर वर्षांचं युद्ध इंग्लंड हरलं, त्याचं हे सांत्वन होतं. फोरमन दिवसभर विचार करत बसला.

पण त्यांचा खरा जीव कॉन्स्टँटिनोपलच्या वेढ्यात. स्टोअरमध्ये नांगराच्या साखळ्यांचा ढीग असायचा. त्यातली एक कडी दोन्ही हातांनी उचलून ते दाखवायचे. "असल्याच साखळीने शहरवाल्यांनी खाडीचं तोंड बंद केलं. मग तुर्कांच्या सुलतानाने काय केलं ठाऊक आहे? ओंडक्यांना चरबी फासली आणि सत्तर जहाजं डोंगरावरून ओढून नेली! आणि आपल्या इथे एक पंप हलवायला यांना क्रेन लागते."

उन्हाळ्यात दुपारी समुद्र आणि आभाळ एकाच रंगाचं व्हायचं. दूरची जहाजं पाण्यावर नसून हवेत तरंगताहेत असं वाटायचं. स्टोअरच्या सावलीत, जेवणानंतर जड झालेल्या डोळ्यांनी मी मणेरीकरांचं ऐकत असायचो. कधीकधी त्या धुरकट उजेडात मलाही एक तट दिसायचा, त्यावर हलणारी माणसं दिसायची. मग भोंगा वाजायचा आणि मणेरीकर उठत म्हणायचे, "यल्ला, चला. शहर काही आज पडत नाही."

तपशिलाच्या बाबतीत मात्र ते भलतेच कडक. स्टोअरमधला एक बोल्ट इकडचा तिकडे चालायचा नाही, तसंच सनावळीचं. मी एकदा वेढ्याबद्दल "चौदाशे बावन्न साली" म्हणालो, तर "त्रेपन्न!" असं ओरडले आणि दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणूनच त्या शुक्रवारी मी चक्रावलो. शुक्रवारी सुट्टी. दुपारी चारला मणेरीकर मनामाच्या टेलिफोन ऑफिसात जाऊन बायकोला ट्रंक कॉल लावायचे. वहिनी सावंतवाडीत शाळेत शिकवत होत्या आणि घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं करत होत्या, त्यामुळे इकडे येणं शक्य नव्हतं. घरात फोन नव्हता. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात येऊन कॉल घ्यायच्या. त्या दिवशी मीही घरी फोन करायला गेलो होतो. शेजारच्या बूथमधून मणेरीकरांचा आवाज आला:

"नाही गं, नाही पडलं! काल मोठं भगदाड पडलं होतं, पण बायकामुलांनी मिळून बुजवलं. हो... हो... कळवतो पुढच्या शुक्रवारी."

तापाने पडलो असताना मी तो खंड वाचला होता. वेढा अवघा त्रेपन्न दिवसांचा. आणि हे तर दीड वर्षापासून दर शुक्रवारी लढवताहेत, असं मला नंतर चौकशीअंती कळलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो मणेरीकर, मे महिन्यातल्या मंगळवारी पडलं ना ते?"

चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा लाल झाला. ते रुमालाने चष्मा पुसू लागले.

"पूर्वी फोनवर आम्ही काय बोलायचो सांगू? 'बरी आहेस?' 'बरी आहे. तुम्ही?' 'बरा आहे.' 'पाऊस?' 'आहे.' मग नुसती खरखर. एकदा ती म्हणाली, फोन कशाला उगाच, पत्र पुरे की. मी घाबरलो हो. तोंडाला आलं ते बोललो, वेढ्याचं सांगितलं. तर ती म्हणाली, 'मग?'" त्यांनी चष्मा चढवला. "बारा वर्षांच्या संसारात तिने मला कधी 'मग?' म्हणून विचारलं नव्हतं. आता शहर पडलं की खलास. मग ती काय विचारणार?"

 मी पुढे कधी त्यावरून त्यांची चेष्टा केली नाही.

मे महिन्यात मी सुट्टीवर निघालो. माझं आजोळ वेंगुर्ल्याला, तेव्हा वाटेत सावंतवाडीला उतरून खजुराचा डबा द्यायचं ठरलं. नेमका शुक्रवार होता, म्हणून थेट दवाखान्यातच गेलो. बाकांवर ही गर्दी! डॉक्टर दारात उभे, कंपाउंडरने औषधाची बाटली तशीच हातात धरलेली. मधोमध फोन कानाला लावून वहिनी.

"अय्या! तोफच फुटली? मग?"

सगळा दवाखाना पुढे झुकला. फोन संपल्यावर वहिनींनी सर्वांना वृत्तांत सांगितला आणि लोकांनी सुस्कारा सोडला. एका म्हाताऱ्याने मला गाठलं. "तुमी बहारीनसून इलात ना? खरा सांगा, ता शहर पडतला काय? माझो दमो कधीच बरो झालो, पण शुक्रवार चुकवूचो कसो?"

नंतर मी वहिनींबरोबर तळ्याच्या कडेने घरापर्यंत चाललो. संध्याकाळचं पाणी अगदी निश्चल होतं. त्यांनी सहज विचारलं, "तुम्हाला ठाऊक असेल ना, ते कधी पडलं?"

मी खोकलो.

"इतिहासाच्या बाई निवृत्त झाल्या तेव्हापासून नववीचा इतिहास माझ्याकडेच आहे," त्या म्हणाल्या. "आमच्या पुस्तकात ते शहर दीड ओळीत पडतं. तेवढ्याच दीड ओळी शिकवते मी दरवर्षी आणि पुस्तक मिटते. त्यांना मात्र कळवलेलं नाही. घरचं सगळं लिहिते पत्रात, एवढं सोडून. तुम्हीही सांगू नका. आमचं बोलणंच बंद पडेल परत."

मी मान हलवली. मग खजुराचा डबा त्यांच्या हातात दिला.

महिन्याने परत आलो तर मणेरीकर विमानतळावर हजर. बॅग घ्यायच्या आधीच म्हणाले, "भेटली?"

"भेटल्या. तब्येत छान आहे."

"काही म्हणाली?"

"विचारत होत्या, पुढे काय होणार म्हणून."

ते हसले. विमानतळावरून निघून आम्ही मुहर्रकच्या पुलावर आलो. दोन्ही बाजूंना दुपारचं पांढरं पाणी होतं आणि लांबवर एक गलबत अधांतरी उभं होतं. त्याच्याकडे पाहत ते पुटपुटले, "या शुक्रवारी पश्चिमेकडचा तट पुन्हा बांधून घेतो. चांगला भक्कम."